बीडीडी चाळींपैकी एक तरी चाळ राखावी काय?

गिरणगावकर (मूळ मांडणी): बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळी म्हाडाच्या पुनर्विकासात टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत. रहिवाशांना मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांच्या घराला माझा मुळीच विरोध नाही. परंतु वरळीतील १२१ चाळींपैकी एक चाळ मधल्या काळोख्या मार्गिकेसह जशीच्या तशी राखावी, असे माझे मत आहे. मरिन ड्राइव्हच्या आर्ट डेको (भौमितिक नक्षीच्या शैलीतील) इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या आणि ते योग्यच झाले. मग गिरणी कामगाराच्या घराला नक्षी नाही, एवढ्यावरून ते वारसा ठरत नाही काय? १९७४ ची वरळीची दंगल आणि दलित पँथरचा उदय ज्या भिंतींनी पाहिला, त्यांचा मागमूसही उरणार नाही.

नायगावकर: आपण ‘काळोखी मार्गिका’ कौतुकाने लिहिता, मी तिथे झोपलो आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो, पाहुणा आला की पुरुषांच्या वळकट्या बाहेर जात, आणि सामाईक शौचालयापुढची पहाटेची रांग चुकवण्यासाठी आई चारला उठत असे. छताचे पोपडे ताटात पडू नयेत म्हणून आम्ही प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता. हे तिकीट लावून दाखवायचे आहे काय?

स्थापत्य अभियंता: भावनेपेक्षा लोखंडाचा प्रश्न मोठा आहे. या चाळी प्रबलित काँक्रीटच्या आहेत. खाऱ्या हवेने आतली सळी गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. तळमजला अधिक तीन मजले टिकवायचे तर बराच भाग नव्याने ओतावा लागेल, आणि मग ‘जशीच्या तशी’ म्हणण्यात अर्थ राहणार नाही. एका मजल्याचा तुकडा वाचवणे मात्र शक्य आहे.

गिरणगावकर: तुकडा चालेल, पण दारे, कड्या, नावांच्या पाट्या मूळच्याच हव्यात.

नायगावकर: मजला राखणार असाल तर शौचालयासकट राखा. नेमके तेच वगळून सजवलेली खोली दाखवली जाईल, ही माझी खरी धास्ती आहे.