५-६ हजारात कॉलेज करता करता काय धंदा करता येईल? (पुणे)

बार्शीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी एसवाय बीकॉमला आहे, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. मूळ गाव बार्शी. घरून महिन्याचे पैसे येतात पण यंदा सोयाबीनचं काही खरं नाही त्यामुळे वडिलांना जास्त मागायला जीवावर येतं. माझ्याकडं साठवलेले ६ हजार आहेत, बास एवढंच. कॉलेज सकाळी ७ ते १२, नंतर मोकळाच असतो. यूट्यूबवर बघितलं तर सगळे ड्रॉपशिपिंग कर, टीशर्ट छापून विक, इन्स्टा पेज काढ असलंच सांगायलेत आणि शेवटी स्वतःचाच कोर्स विकतात. मला महिन्याला मेसचे पैसे सुटले तरी चालतील. कुणी स्वतः कॉलेजात असताना काही केलं असेल तर सांगा, ऐकीव नको. आणि पैसे बुडाले असतील तर तेपण सांगा.

पेठेतला_पक्या
बुडालेलं आधी सांगतो मग.

टीवायला असताना आम्ही तिघांनी दिवाळीला आकाशकंदील विकले. रविवार पेठेतून होलसेलमधे उचलले, प्रत्येकी ३ हजार टाकले, एका मित्राच्या सोसायटीच्या गेटबाहेर टेबल टाकलं. पहिले दोन दिवस मजा आली, सगळे ओळखीचे लोक घेत होते. मग वसुबारसेला संध्याकाळी असा पाऊस आला की विचारू नका, कागदी कंदील होते सगळे, अर्धे टेबलावरच लोळागोळा. आणि दुसरी गोष्ट जी आम्हाला आधी कुणी सांगितली नाही ती म्हणजे लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सहा वाजले की कंदिलाचा धंदा संपला. त्यानंतर फुकट दिला तरी माणूस म्हणतो घरी लावलाय की. ४१ कंदील उरले. आईच्या दिवाणात वर्षभर होते, पुढच्या वर्षी काढले तर रंग उडालेले.

पण त्याच टेबलावर बाजूला किल्ल्याचं सामान ठेवलं होतं, टाइमपास म्हणून. चाळलेली लाल माती ५ किलोच्या पिशवीत, अळिवाची छोटी पाकिटं आणि थोडी मातीची चित्रं (बाहेरच्यांसाठी, पुण्यात मावळ्यांना चित्रं म्हणतात). ते सगळं गेलं!! माती तर कमी पडली. फ्लॅटमधल्या लोकांना माती मिळतच नाही हो, आणि पोरगं रडत असतं किल्ला पाहिजे म्हणून. एका काकूंनी तर विचारलं किल्ला बांधूनच द्याल का, ५०० घेतले, दोन तासात पोत्यावर चिखल थापून बुरूज काढून दिला. त्यांच्या शेजारणीनेपण सांगितलं. पाच किल्ले बांधले तेवढ्यात कंदिलातलं थोडंफार भरून निघालं.

आता करायचं असेल तर कंदिलाच्या नादी लागू नको, किल्ला आणि उटणं एवढंच. पण वर्षातनं दहा दिवसांचा धंदा आहे, त्याने मेस निघणार नाही. आणि टेबल सोसायटीच्या आत, चेअरमनला विचारून. फुटपाथवर टाकलंस तर महापालिकेची गाडी आली की माल उचलून नेतात, मग बस सोडवत.

अडीच_नंबरी
पक्याभाऊ किल्ला बांधायचे ५०० 😂 आमच्या वेळी पाया पडून माती मागायचो.

@बार्शीचा_पोरगा बीकॉम आहेस ना, अकरावी बारावीच्या दोन पोरांना अकाउंट्स शिकव. भांडवल शून्य. विषय संपला.

ड्राफ्टरवाली
शिकवण्या बरोबर आहे पण सगळ्यांना शिकवता येत नाही, त्याला स्वतःला येत असेल तरच.

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा जुने ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं पट्टीचं साधन) विकायचे. फर्स्ट इयरला ग्राफिक्सला मिनी ड्राफ्टर लागतो, त्यानंतर जन्मात लागत नाही, पलंगाखाली पडलेला असतो. मे महिन्यात होस्टेल रिकामं व्हायच्या वेळी मी रूम टू रूम फिरून शंभर-दीडशेला घ्यायचे, घरी जायच्या गडबडीत पोरं काहीही भावात देतात. स्क्रू आवळायचे, दांडी थिनरने पुसायची, आणि नवीन बॅच आली की तीनशेला. सोबत लॅब कोट धुऊन इस्त्री करून, आणि कॅसिओचं ९९१ मिळालं तर तेपण, कॅल्क्युलेटरला मरण नाही. पहिल्या वर्षी २२ ड्राफ्टर घेतले त्यातले ३ ढिले निघाले, पट्टी काटकोनात बसायचीच नाही. तेव्हापासून घेताना कागदावर एक उभी एक आडवी रेघ मारून गुण्याने तपासल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

तुझ्या लाइनला ड्राफ्टर नाही पण तू सदाशिव पेठेत राहतोस म्हणजे एमपीएससीवाल्यांच्या मधोमध. पोरं कंटाळून गावी जातात तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे रद्दीच्या भावात टाकून जातात. फक्त चालू घडामोडींची पुस्तकं घेऊ नकोस, ती दुसऱ्या वर्षी खरंच रद्दी असते.

सोलापूरची_लेक
अरे तू बार्शीचा आहेस आणि इथं धंदा विचारतोस?? शेंगा चटणी!!

मी दोन वर्षं केलंय, होस्टेलवर. आकडे वहीतले देते (भाव तेव्हाचे, आता जरा इकडं तिकडं). ५ किलो शेंगदाणे ७५०, तिखट १४०, लसूण ६०, जिरं मीठ ४०, गॅस आणि पाकिटं १५०. झाले ११४०. भाजून सालं काढल्यावर दाणे कमी भरतात पण तिखट लसूण मिळून वजन परत जुळतं, १०० ग्रॅमची ५० पाकिटं आरामात, वर चव बघायला थोडी. ४० ला एक. म्हणजे २०००. वरचे ८६० राहिले असं मला पहिले तीन महिने वाटायचं. मग मोठी बहीण म्हणाली, आई दिवसभर कुटतीय तिचे काय? तेव्हापासून आईला ३०० वेगळे काढायला लागले, राहिले ५६०. आणि त्यातपण उधारी. "अगं देते ना फर्स्टला" करून १८० रुपये एकीकडं अजून आहेत, आता लग्न होऊन दुबईला गेली.

मिक्सरला लावू नका, कोरडा भुगा होतो. उखळात कुटली की तेल सुटतं आणि ती जी गोळा होऊन येते तीच खरी, इथल्या दुकानातल्या भुग्यात आणि तिच्यात फरक पहिल्या घासाला कळतो, त्यावरच गिऱ्हाईक परत येतं.

कडक भाकरीपण आणल्या होत्या एकदा, १०० आणल्या, एसटीत १७ मोडल्या. रडायलाच आलं. मग त्यांचा चुरा करून वर चटणी घालून १० रुपयाला कागदात दिला, अभ्यासिकेच्या बाहेर संध्याकाळी पाच वाजता. अख्ख्या भाकरीच्या आधी तो संपला! नंतर मी मुद्दाम मोडायचे.

आणायचा खर्च म्हणशील तर २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मी स्वतःच घेऊन यायचे. तू पोरगा आहेस, आईला बोलव महिन्यातून एकदा, तुला भेटणं पण होईल.

हिशोबी_काका
वरच्या ताईंनी आईचे ३०० काढले ते वाचून बरं वाटलं. बरेच जण घरच्यांची मेहनत फुकट धरतात आणि म्हणतात नफा झाला.

मी अकाउंटचं काम करतो म्हणून दोन शब्द. खाण्याची वस्तू पाकिटात घालून विकणार असशील तर एफएसएसएआयचं (खाण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन काढ, ऑनलाइन होतं, वर्षाची फी १०० रुपये. ते आईच्या नावाने आणि बार्शीच्या पत्त्यावर काढ, कारण माल तिथं बनतो. पाकिटावर नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, तो नंबर आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद) फुकट आहे, सरकारी साइटवर स्वतः करायची, त्याचे हजार-दोन हजार मागणारे एजंट आहेत त्यांना देऊ नको. जीएसटीचं टेन्शन आत्ता नको, राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत लागत नाही. चाळीस लाखाची चटणी विकलीस तर मला फोन कर.

टीशर्टवाले धंदे ॲडव्हान्स हातात असल्याशिवाय करू नये. माझ्या पुतण्याने कॉलेजच्या फेस्टसाठी ६० छापले, फेस्ट पुढं ढकलला, आता घरात सगळे तेच घालून झोपतात, मी सुद्धा.

आणि कुणी "एक बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे, रविवारी हॉटेलात सेमिनारला ये, शर्ट इन करून ये" म्हणलं तर त्या रविवारी कपडे धू.

पेठेतला_पक्या
काका 😂😂 मी गेलोय त्या सेमिनारला, शर्ट इन करून

बार्शीचा_पोरगा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आईला फोन केला होता, आधी हसली, मग म्हणाली पुण्याची माणसं तिखट खातात का रं. आमच्याकडं आजीचं उखळ आहे, गच्चीवर पडलंय, ते धुवायला काढलंय म्हणे. पहिल्यांदा दोनच किलोची करतोय. अभ्यासिकेतल्या ९ जणांना विचारलं, ६ हो म्हणाले पण त्यातल्या चौघांनी फर्स्टला देतो म्हणलंय, त्यांना नाही म्हणायचं कसं ते कळंना, रोज तिथंच बसायचं असतं.

पुस्तकांचंपण डोक्यात आहे पण खोलीत ठेवायला जागाच नाही, एका कॉटखाली काय काय मावणार.

@सोलापूरची_लेक ताई किती दिवस टिकते? आणि लसूण कमी टाकू का, काही जण नको म्हणत होते.

सोलापूरची_लेक
महिनाभर आरामात, पण कुटून झाल्या झाल्या गरम भरू नको, परातीत पसरून गार होऊ दे, नाहीतर पाकिटात वाफ धरते आणि वास लागतो. ओला चमचा तर अजिबात नको. लसूण कमी करू नको, ज्यांना नको त्यांना वेगळी दोन पाकिटं कर.

उधारीवाल्यांना सांग आईचा धंदा आहे, वही तिच्याकडं असते. मी हेच सांगायचे.

माझी चार पाकिटं धर. लसणाची. क्यूआर पाठव, आत्ताच टाकते.