स्लीव्हनंतरचे पहिले दोन महिने: पातळ आहार, प्रथिनं, गोळ्या आणि लोकलचा प्रवास

डोंबिवली_पूर्व विचारतात:

ताईची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली, आज अकरावा दिवस. वय ४१, मधुमेह आणि बीपी आधीपासून. टाके कोरडे आहेत, ताप नाही. हॉस्पिटलच्या कागदावर फक्त 'दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग नेहमीचं' एवढंच आहे. घरात वरणाचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी आणि नाचणीचं सत्त्व चालू आहे. काल सासूबाईंनी मऊ वरणभात दिला. दोन घासांत छातीत दडपल्यासारखं झालं आणि उलटी झाली.

प्रश्न असे: प्रथिनं ६० ग्रॅम सांगितलीत, ती पातळ खाण्यातून कशी भरायची? घरात सोमवारी, गुरुवारी अंडं-मासे चालत नाहीत. मऊ खाणं म्हणजे नेमकं काय? बीपीची जुनी गोळी तशीच द्यायची का? आणि ऑफिस फोर्टला आहे, तर लोकलने कधीपासून जाता येईल?

आहार_परळ:

आधी कालच्या उलटीबद्दल. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून एक अरुंद नळी उरते, आणि अकराव्या दिवशी ती आतून सुजलेली असते. शिजलेला भात चिकट असतो, तो गोळा होऊन तिथे बसतो. त्यामुळे अजून किमान तीन दिवस भाताचा कण नको. चौदाव्या दिवसानंतरही पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना फोन करा. काही सर्जन पातळ आहार तीन आठवडे ठेवतात आणि त्यांनी शस्त्रक्रियेत काय पाहिलं ते त्यांनाच माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. सध्या जे चालू आहे त्यात पाणी भरपूर आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. वरण खाली बसल्यावर वरचं जे पाणी आपण काढतो त्यात चव आणि मीठ येतं, डाळ भांड्यातच राहते. पेज म्हणजे पिष्ट. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं, पण शंभर ग्रॅम नाचणीत प्रथिनं सातच्या आसपास, आणि सत्त्वाला आपण वापरतो दोन चमचे. अशा आहारावर वजन झपाट्याने उतरतं आणि घरचे खूश होतात, पण उतरतो तो स्नायू. पुढे थकवा आणि केस गळणं त्यातूनच वाढतं.

सोमवार-गुरुवारचा हिशोब असा करा. २०० मिली टोन्ड दुधात दोन मोठे चमचे साखर नसलेली स्किम्ड दूध पावडर घोळली की साधारण ११ ते १२ ग्रॅम. असे दोन पेले दिवसभरात, म्हणजे २३. व्हे प्रोटीनचा (दुधातल्या प्रथिनांची पावडर) एक स्कूप २० ते २५ ग्रॅम देतो (डब्यावरचा आकडा बघा आणि साखर किती आहे तेही). तो कोमट पाण्यात घाला, उकळत्यात घातला तर गुठळ्या होतात. ३० ग्रॅम मूगडाळ चौपट पाण्यात पूर्ण शिजवून मिक्सरला फिरवून गाळली की ७ ग्रॅम. शंभर ग्रॅम दह्याचं ताक, ३ ग्रॅम. झाले ५३ ते ५८, म्हणजे साठच्या जवळ, सगळं पातळ, सगळं शाकाहारी. नाचणी द्यायचीच तर पाण्याऐवजी याच दुधात शिजवा.

दुधाने पोट फुगलं, जुलाब झाले तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नाही असं समजा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस असं होऊ शकतं. मग ताक आणि व्हे आयसोलेट (लॅक्टोज जवळजवळ नसलेलं व्हे) यावर भर द्या.

पिण्याचा वेग हाच इथला खरा कस आहे. ३० मिलीचं माप घ्या आणि ते १५ मिनिटांत घोट-घोट संपवा. जागेपणी हे चालू राहिलं तर दीड लिटर होतं. पेला तोंडाला लावून घटाघट प्यायलं की छातीत कळ येणारच. स्ट्रॉ आणि सोडा नको, हवा आत जाते. मुंबईच्या दमट हवेत घाम भरपूर जातो आणि कळत नाही. लघवी गडद पिवळी झाली किंवा उठताना चक्कर आली तर पाणी कमी पडतंय. पाणी कमी पडून रुग्णाला पुन्हा दाखल करावं लागणं हे नेहमीचं आहे. नारळपाणी दिवसातून एखादा पेला पुरे, त्यात साखरही आहे आणि पोटॅशियमही.

'मऊ' म्हणजे दोन वेगळे टप्पे. तिसरा आणि चौथा आठवडा वाटलेलं, लापशीसारखं, चमच्यावरून हळू ओघळेल असं. एका वेळी चार ते सहा मोठे चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. यात सगळ्यात कामाचा आपला चक्का. साध्या दह्याचा, फडक्यात बांधून चार-पाच तास, पण फ्रिजमध्ये. बाहेर टांगलात तर इथल्या हवेत आंबट होतो आणि आंबटाने जळजळ वाढते. साखर नाही, म्हणजे श्रीखंड नाही. शिवाय कुस्करलेलं पनीर दुधात फिरवून, घट्ट मूगडाळ, दुधीची किंवा भोपळ्याची भाजी वाटून.

पाचवा-सहावा आठवडा काट्याने सहज मोडेल असं. अंड्याची ओलसर भुर्जी, मिरची न घालता. ताजे बोंबील हळद-मीठ लावून वाफवायचे, मधला काटा काढून. ते इतके मऊ असतात की चावायला फारसं काही उरत नाही. पापलेटही चालतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा शिळ्या-गोठलेल्या माशाच्या मागे न लागता अंड्यावर राहा. खिचडी करायची तर दोन भाग मूगडाळ, एक भाग तांदूळ. आपल्या घरातलं प्रमाण बरोबर उलट असतं.

पाव, ताजी मऊ पोळी, शेवया, कोरडे पोहे, चिकनचा कोरडा तुकडा, शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीची साल हे अडकणारे पदार्थ. पाव ओला झाला की आत लगदा होऊन बसतो. सहा-आठ आठवड्यांनंतर पोळीआधी ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून बघा, ती बहुतेकांना आधी सोसते.

जेवताना लहान चमचा, घास पूर्ण पातळ होईपर्यंत चावणं, जेवणाला वीस ते तीस मिनिटं. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. छातीत दाब, उचकी, अचानक नाक गळणं किंवा शिंका यांपैकी काही सुरू झालं की हातातला चमचा खाली. पोट भरल्याची खूण आता हीच. 'एवढा घास संपव' हा आग्रह घरात कोणीही करू नये, हे सासूबाईंना हॉस्पिटलच्या माणसाकडूनच सांगवा. आपण सांगितलं तर राग येतो.

वॉर्ड_सिस्टर:

आहाराचं वर आलंच आहे, मी औषधांचं लिहिते.

बीपीची गोळी जुन्याच डोसने चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. खाणं-पिणं एकदम कमी झाल्यावर बीपी आपोआप उतरतं. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल (पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असतं) तर शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. मधुमेहाचंही तसंच. ग्लिमेपिराइड चालू राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी कमी खाण्याच्या काळात रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना, म्हणून पटकन लक्षात येत नाही. घरी दिवसातून दोन-तीनदा साखर मोजा, आकडे वहीत लिहा, डोस डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंदही करू नका.

मोठी गोळी अडकते म्हणून कुटून देतात. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असेल तर कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगावर येतं. साधी गोळी किंवा पातळ औषध मिळतं का ते विचारा.

अंग दुखलं की कोपऱ्यावरचे डॉक्टर डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देतात. पॅरासिटामॉल म्हणून दिलेल्या पाकिटातही ही जोडीला असतात, मागची बारीक अक्षरं वाचा. टाक्याच्या रेषेजवळ अल्सर होऊ शकतो. जठराची बायपास (वजनाच्या शस्त्रक्रियेचाच दुसरा प्रकार) झालेल्यांनी तर ही औषधं कायमची टाळायची. नुसतं पॅरासिटामॉल चालतं.

व्हिटॅमिन जन्मभर. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेट नको, कारण आम्ल कमी असताना ते नीट शोषलं जात नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवा. चहा-दुधाबरोबर लोह घेणं म्हणजे न घेतल्यासारखं. पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. बी१२ आणि डी डॉक्टर लिहून देतीलच. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड दिलं असेल तर सहा महिने मध्ये न सोडता घ्यायचं. झपाट्याने वजन उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कालची एक उलटी चुकीच्या पदार्थाने झाली, ठीक. पण पातळ खाऊनही रोज उलट्या होत असतील तर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त घरी थांबू नका. शरीरात बी१ म्हणजे थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, पायांना मुंग्या, बोलण्यात गोंधळ असं सुरू होतं, आणि मेंदूला झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. थायमिन कमी असताना नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर ते आणखी बिघडतं. म्हणून अशक्तपणा आला आणि कोणी सलाईन लावायला निघालं तर आधी सांगा: वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजआधी थायमिनचं इंजेक्शन द्या.

आणि हे दिसलं तर क्लिनिक नाही, थेट शस्त्रक्रिया झालेलं हॉस्पिटल: शांत बसलेलं असताना नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात वाढत जाणारी कळ, धाप, एका पोटरीला सूज, काळी शी. टाक्याच्या रेषेतून गळती झाली तर पोट फार दुखण्याआधी नाडीच वाढते. रोज सकाळी आणि रात्री एक मिनिट नाडी मोजा.

वय ४१ आहे म्हणून हेही लिहिते. वजन उतरलं की पाळी नियमित होते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची आहे, कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

फिजिओ_ठाणे:

चालणं पहिल्या दिवसापासूनच हवं, घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. जिने चढता येतात, सावकाश. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर आत श्वास ओढून वापरायचं, बाहेर फुंकून नाही.

चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याची बादली, गव्हाचा डबा, लहान मूल, सगळं त्यात आलं. बाहेरून टाके छोटे दिसतात, पण ज्या छिद्रातून जठराचा भाग बाहेर काढला ते मोठं असतं आणि हर्निया तिथेच होतो.

टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं, अडचण डोंबिवलीच्या गर्दीची आहे. पोटावर कोपर बसणं, चढताना दांड्याला लटकून अंग ओढणं, दोन्ही वाईट. शक्य असेल तर पहिला महिना घरून काम. त्यानंतर साडेदहाच्या पुढची गाडी, परतताना सीएसएमटीहून सुटणारी, म्हणजे बसून येता येतं.

डोंबिवली_पूर्व:

खूप आभार. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड निघालं, फोन केला, त्यांनी थांबवायला सांगून उद्या बोलावलंय. अजून दोन प्रश्न. ताई संकष्टी करते, ती कधीपासून करता येईल? आणि ऑफिस सुरू झाल्यावर डब्यात काय द्यायचं?

आहार_परळ:

पहिले सहा महिने उपास नको. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवणं हे या जठराला झेपत नाही, पाणीही कमी पडतं. नंतर करायचीच तर दूध, चक्का, पनीर दर तीन तासांनी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वर चिकट. मोदक पहिलं वर्ष टाळाच. गूळ-साखर एकदम आतड्यात उतरली की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा येतो, आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. बायपासमध्ये हे जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं. प्रसादाला नुसतं दूर्वा-फूल डोक्याला लावलं तरी चालतं.

डबा आठव्या आठवड्यापासूनचा धरून सांगते. घरून निघायच्या अर्धा तास आधी खाणं संपलेलं हवं, म्हणजे गाडीत घोट-घोट पाणी पिता येतं. अकराला २०० मिली ताक किंवा व्हे. एकला एका छोट्या डब्यात आधी प्रथिनं: दोन अंड्यांची भुर्जी, किंवा ५० ग्रॅम पनीर, किंवा मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ. ते संपल्यावर दोन चमचे भाजी, आणि जागा उरली तरच अर्धी भाकरी. हा क्रम उलटा झाला की भाकरीनेच पोट भरतं आणि प्रथिनं डब्यात परत येतात. चारला चक्का, पण बर्फाच्या पिशवीसह, मे महिन्यात तो दुपारपर्यंत टिकत नाही. लोहाची गोळी अकराच्या ताकाबरोबर घेऊ नका, ती सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची पहिली मात्रा दुपारच्या जेवणानंतर.

रक्त तपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन). तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू शकतात. प्रथिनं आणि फेरिटिन नीट असेल तर ते परत येतात, तेवढ्यासाठी बायोटिनच्या महागड्या गोळ्या विकत घेऊ नका.