मदत हवी आहे: नवऱ्याकडे जर्मनीला जायचंय, जन्मदाखल्यात नावच नाही

वेलदूरची_सून:
लग्न वैशाखात झालं. नवरा गणपतीला येतोय, परत जाताना मला घेऊन जाणार आहे. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. चिपळूणचा एजंट म्हणतो ए१ची (जर्मन भाषेची पहिली पायरी) परीक्षा द्या, आधी अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का) करा, आणि भरमसाट पैसे मागतो. काय करू? लवकर सांगा प्लीज.

हर्णै_बंदर:
अभिनंदन! मी बायकोला दुबईला नेलं तेव्हा लग्नाच्या दाखल्यावर आधी मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. या क्रमाने केलंस की कुठे अडणार नाही. उद्याच मुंबई गाठ.

मालवणी_माणूस:
गो बाय, घो जर्मनीत काय करता ता सांग आधी!

स्टुटगार्टकर:
तेच विचारतोय. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) आहे, शिकायला गेलाय, की तिकडचा नागरिक झालाय? सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि @हर्णै_बंदर, दुबईचा क्रम इथे लावू नका. भारत २००५ साली अपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, म्हणून भारतीय कागदावरचं अपॉस्टिल जर्मनीत चालत नाही. शंका आली तर वकिलातच पडताळणी करून घेते, माणूस थेट ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर बघतो.

हर्णै_बंदर:
शिक्का असलेला कागद कुठेही वजनदारच. करून ठेवलं तर बिघडलं काय?

स्टुटगार्टकर:
पैसे बिघडतात ना! नवीन संसार आहे पोरीचा.

राजापूरची_ताई:
ए१ लागतंच. माझ्या जावेला मुंबईच्या माक्स म्युलर भवनात परीक्षा दिल्याशिवाय व्हिसा मिळाला नाही. पासपोर्टावर सासरचं नावही करून घे.

स्टुटगार्टकर:
ताई, तुमचे दीर जर्मन नागरिक आहेत का? नागरिकाच्या बायकोला ए१ लागतं, ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला नाही.

राजापूरची_ताई:
हो, नागरिक आहेत. पण भाषा यायलाच हवी.

वेलदूरची_सून:
ब्लू कार्ड आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, आधार सासरच्या.

स्टुटगार्टकर:
मग परीक्षेचा खर्च वाचला. पासपोर्टावर माहेरचं नाव राहू दे, नाव बदलायची सक्ती कुठेच नाही. लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांतलं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळू दे, फायली तिथेच लटकतात. गणपतीचा हिशेब मात्र सोड. कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

खाडीपलीकडे:
नोकरी करायची आहे का तिकडे? हे कोणी विचारलंच नाही.

वेलदूरची_सून:
जीएनएम (नर्सिंगची पदविका) नर्स आहे. इथे दवाखान्यात आहे, राजीनामा द्यायचाय.

खाडीपलीकडे:
मग राजीनामा लगेच देऊ नकोस! ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला तिकडे नोकरीची पूर्ण मुभा असते, पण नर्स म्हणून काम करायला तुझ्या पदविकेला तिकडची मान्यता आणि बहुतेक ठिकाणी बी२ (ए१च्या बरीच वरची जर्मनची पायरी) लागतं. व्हिसाला भाषा नको, पोटाला हवी. आजपासून शिकायला लाग. अनुभवाचं पत्र, मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हे सगळं हातात घेऊनच दवाखाना सोड. घरी बसून दिवस खायला उठतात गं, मी काढलेत.

राजापूरची_ताई:
मी तेच म्हणत होते!

मालवणी_माणूस:
आणि सासूबाई हापूसची पेटी देतील ती घेऊ नको. डिसेंबर २०१९ पासून युरोपात फळं न्यायला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळं, अननस यांना सूट आहे, आंब्याला नाही. तूपही नको, दुधाच्या वस्तू आणि मटण अडवतात. सोलं आणि तिरफळं बांध.

हर्णै_बंदर:
सुके बोंबील?

मालवणी_माणूस:
मासळीला २० किलोपर्यंत मुभा आहे. पण बॅगेचा वास शेजाऱ्यांना समजावायचा कोणी?

वेलदूरची_सून:
ते ठीक, पण जन्मदाखला?? माहेर दापोली तालुक्यात. ग्रामसेवक रोज नसतात. आईला पाठवलं तर चालेल?

खाडीपलीकडे:
आई-वडिलांपैकी एकाला घेऊन स्वतः जा. नावाची नोंद जन्म जिथे नोंदलाय तिथेच होते. आई-वडील दोघांची आधार कार्डं, तुझा शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट घे. नाव घालायची १५ वर्षांची मुदत उलटली आहे, तेव्हा मुदतवाढ चालू आहे का ते ग्रामसेवकांना आधी फोनवर विचार. नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहून घे, टेबलावरून उठायच्या आत वाच. इंग्रजी स्पेलिंगसकट.