मदत हवी आहे: किलोवरच्या कापूस वेचणीला किमान वेतन कसं धरायचं?

यवतमाळ जिल्ह्यात आमचं पाच एकर वावर, सगळी पऱ्हाटी (कापूस). काल पारावर किमान वेतन वाढवण्यावरून चांगलीच जुंपली. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, व्यापारी तेवढा देत नाही, मग मजुरी कुठून वाढवायची, असं बहुतेकांचं (माझंही थोडं तेच). पण सायंकाळी ओटीतला कापूस काट्यावर टाकताना वेचणाऱ्या काकू म्हणाल्या, "भाऊ, तिसऱ्या वेच्याले बोंडंच नाही, किलोवर रोज (दिवसाची मजुरी) कसा पडन?" खरंच, वीस किलोही भरला नव्हता.

1948 च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या (किलोवरच्यासारख्या) कामालाही दिवसाचा किमान दर लागू होता. मग शेवटच्या वेच्याला तुम्ही रोज देता की किलोचा दर वाढवता? शेतमजुरांचा विशेष (महागाईच्या) भत्त्यासकट चालू दर कुठं पाहता?