मदत हवी आहे: गोपनीय माहितीच्या पथकासाठी माणसं कशी निवडावीत?

नमस्कार मंडळी. गुन्हा घडण्याआधीच माहिती काढणारं छोटं पोलीस पथक उभं करायचंय आणि निवड माझ्याकडे आहे. धडाधड अटका करणाऱ्यांचे अर्ज भरपूर आलेत. मला भावलेला शिपाई मात्र वेगळाच. बंद गोदामासमोर तीन रात्री उभी राहिलेली गाडी त्यानं टिपली आणि 'पाहिलं' व 'ऐकलं' हे वहीत वेगवेगळं लिहिलं. ही नजर मुलाखतीत कशी ओळखायची?

प्रशिक्षणात माहिती देणारा किती भरवशाचा यासाठी ए ते एफ आणि माहिती किती खरी वाटते यासाठी १ ते ६ अशी स्वतंत्र प्रतवारी शिकवणार आहे. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकू शकतो, हे अंगवळणी पडायलाच हवं. पण खबऱ्याशी नको तितकी जवळीक होऊ नये, यासाठी सराव कसा घेता? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.