ड्रमस्टिक्स निवडण्याबाबत सल्ला हवा आहे: ७ए, ५ए की ५बी, आणि लाकूड कोणते?

सायंतारा

नमस्कार. मी पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात बरीच वर्षे ताशा वाजवते आहे आणि गेल्या गणेशोत्सवानंतर ड्रम सेट रीतसर शिकायला सुरुवात केली आहे. ताशाच्या काड्या बारीक, हलक्या आणि लवचिक असतात, त्यामुळे तर्री (सलग जलद ठोके) काढताना सारी उसळी बोटांवरच तोलण्याची हाताला सवय झाली आहे. तीच गती ड्रमच्या स्टिकने स्नेअरवर (सेटमधल्या खालून तारा लावलेल्या ड्रमवर) ठेवायला गेले की स्टिकचा पुढचा भाग जड वाटतो आणि थोड्या वेळाने उजवे मनगट भरून येते. क्लासमधल्या सामाईक स्टिक्सवरचे आकडे पुसले गेले आहेत आणि जोड्याही एकमेकींत मिसळल्या आहेत, त्यामुळे मला नेमके काय मानवते हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही.

आता स्वतःच्या दोन जोड्या घ्यायच्या आहेत. माझा पंजा लहान आहे. घरी रबरी पॅडवर सराव करते, क्लासमध्ये साधा ड्रम सेट आहे, आणि पुढे मित्रमंडळींच्या बँडमध्ये हिंदी-मराठी गाण्यांना साथ करण्याचा विचार आहे. आकडे आणि अक्षरे यांचा नेमका अर्थ काय, लाकडाने हाताला किती फरक पडतो आणि टिप, म्हणजे स्टिकचे वाजवायचे टोक, नायलॉनचे घ्यावे की लाकडाचे, याबद्दल अनुभवी वादकांनी सविस्तर लिहिले तर मदत होईल.

वसईकर

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अक्षरांचा उगम अमेरिकेतला आहे. ड्रम बनवणारे विल्यम लडविग यांच्या काळात स्टिक कुठे वापरायची यावरून तिला अक्षर दिले जाई: एस म्हणजे रस्त्यावरचे संचलन, बी म्हणजे बँड आणि ए म्हणजे ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रासाठी ओ हे अक्षर न घेता ए घेतले, कारण छपाईत ते अधिक चांगले दिसते असे लडविग यांचे मत होते, असे सांगितले जाते. आकडा जितका लहान तितकी स्टिक साधारणपणे जाड. म्हणून ७ए बारीक, ५ए मध्यम, ५बी तिच्याहून जाड आणि २बी भरभक्कम.

मात्र हे आकडे म्हणजे प्रमाणित माप नव्हे. एका कंपनीची ५ए आणि दुसरीची ५ए या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. विक फर्थच्या ५एचा व्यास ०.५६५ इंच, म्हणजे सुमारे १४.४ मिलिमीटर आहे. प्रोमार्कची नेहमीची ५ए ०.५५१ इंच, म्हणजे बरोबर १४ मिलिमीटर. आणि व्हेटरची ०.५७० इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण स्टिकचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विक फर्थच्याच ५ए आणि ५बी या दोन्ही १६ इंच लांब आहेत, त्यांच्या व्यासात केवळ पाऊण मिलिमीटरचा फरक आहे, आणि तेवढ्याने लाकडाचे आकारमान सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. अर्ध्या तासाच्या सलग वादनात हे ११ टक्के मनगटाला नक्कीच जाणवतात. म्हणून दुकानात आकडा विचारण्याऐवजी व्यास आणि लांबी विचारावी किंवा वेष्टनावर वाचावी, आणि जी जोडी आवडेल तिची मापे वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या खरेदीत तीच उपयोगी पडतात.

माझा सल्ला असा की पहिली जोडी हिकरीच्या लाकडाची, लाकडी टिपची ५ए घ्यावी. ती सर्वांत चांगली आहे असे माझे म्हणणे नाही. ती मधोमध आहे, आणि मधोमध उभे राहिल्याशिवाय आपल्याला कोणत्या दिशेला सरकायचे आहे ते कळत नाही. महिनाभर तिच्यावर सराव करून मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: एकतर जाडी, नाहीतर लाकूड, नाहीतर टिप. तिन्ही एकदम बदलल्या तर हाताला जे बरे वाटले ते कशामुळे, हे कधीच समजत नाही.

ठेका_दादरा

मी अनेक वर्षे वाद्यवृंदांत ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे त्या बाजूचे लिहितो. ऑक्टोपॅडवर किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रमवर आवाज स्टिकच्या वजनातून येत नाही, तो स्पीकरमधून येतो, आणि पॅडची संवेदनशीलता यंत्रावरच कमी-जास्त करता येते. तिथे ७ए पुरेशी आहे. तीन तासांच्या कार्यक्रमात हलक्या स्टिकचा मोठाच आधार वाटतो. जाळीदार पृष्ठभागाच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवणार असाल तर नायलॉनची टिप अधिक सुरक्षित, कारण लाकडी टिपचा कोपरा उडाला की ती जाळीला खरवडते. परंतु बँडमध्ये खरा ड्रम सेट वाजवायचा असेल तर सराव फक्त ७एवर करू नका. साध्या स्नेअरमधून आवाज स्टिकच्या वस्तुमानानेच काढावा लागतो, आणि हलक्या स्टिकने तो काढायला गेलात की हात आपोआप जास्त जोर लावू लागतो.

सुतारपक्षी

लाकडाविषयी. ड्रमस्टिक्ससाठी मुख्यतः तीन लाकडे वापरली जातात.

हिकरी हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले झाड आहे. तिकडे कुऱ्हाडी आणि हातोड्यांचे दांडे परंपरेने याच लाकडाचे करतात, आणि ज्या गुणासाठी करतात तोच गुण इथेही कामाला येतो: हे लाकूड जड व चिवट असते आणि आघाताचा धक्का बराचसा स्वतःत जिरवते, त्यामुळे तो हातापर्यंत कमी पोहोचतो. मेपल त्याच मापात हिकरीपेक्षा ढोबळमानाने १० ते १५ टक्के हलके असते, म्हणून जाड पण हलकी स्टिक हवी असेल तर मेपल घ्यावे. मात्र सिंबलच्या (झांजेच्या) कडेवर किंवा रिमवर (ड्रमच्या वरच्या कड्यावर) जोरात वाजवणाऱ्यांच्या हाती ते लवकर झिजते. तिसरे ओक, विशेषतः जपानी पांढरा ओक, जो प्रोमार्कने प्रसिद्ध केला. तो घट्ट, जड आणि टिकाऊ असतो, पण त्याचा धक्का हातात अधिक जाणवतो असे बऱ्याच वादकांचे म्हणणे आहे आणि माझाही अनुभव तसाच आहे. मनगट आधीच दुखत असताना ओक घेऊ नये.

लहान पंजाला बारीक स्टिकच हवी, ही समजूत मात्र तपासून पाहावी. फार बारीक स्टिक हातातून फिरू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात, आणि हा आवळलेला पंजाच पुढे मनगट दुखण्याचे कारण ठरतो. अशा वेळी ५एच्या जाडीची मेपलची स्टिक पकडायला भरीव आणि उचलायला हलकी पडते.

ॲल्युमिनियमचा गाभा आणि वरून बदलता येणारे प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या स्टिक्सही मिळतात, अहेड ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते. जोरकस रॉक वाजवून दर आठवड्याला स्टिक्स मोडणाऱ्यांसाठी त्या आहेत. शिकताना त्यांची गरज नाही.

सायंतारा

तिघांचेही मनापासून आभार. काल दुकानात जाऊन ७ए आणि ५ए दोन्ही पॅडवर आणि तिथल्या सेटवर वाजवून पाहिल्या. ७एवर स्नेअरचे रोल अगदी मोकळे निघाले, पण राइड सिंबलचा (ज्यावर सलग ठेका धरतात त्या मोठ्या सिंबलचा) आवाज पातळ वाटला. ५एवर राइड भरदार वाजली, मात्र पुढचा भाग जड वाटण्याची तक्रार काही अंशी राहिली. याला जाडी कारणीभूत आहे की आणखी काही?

दुसरा प्रश्न. क्लासमधल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने सांगितले की सराव २बीवर करावा आणि कार्यक्रम ५एवर, म्हणजे हातात ताकद येते. हे मला लागू पडेल का?

न्यूजर्सीकर

२बीचा सल्ला तुम्हाला तरी लागू पडणार नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. जड स्टिकचा सराव मार्चिंग बँडमधले वादक करतात, पण त्यांना कार्यक्रमातही जड स्टिकच वापरायची असते. विक फर्थची २बी ०.६३० इंच व्यासाची आणि सव्वासोळा इंच लांब आहे. तिची उसळी वेगळी, तोल वेगळा आणि उसळी पकडण्याची बोटांची वेळही वेगळी. तिच्यावर घोटलेली हालचाल ५एवर जशीच्या तशी उतरत नाही. शिवाय तुमचे मनगट आत्ताच भरून येत आहे. अशा हातावर भार वाढवणे म्हणजे कंडराला इजा करून घेणे. ताकदीपेक्षा सैल पकड आणि उसळीचा वापर यांवर मेहनत घ्या. ताशावर ती बोटांची जाण तुम्ही आधीच कमावलेली आहे, ती सोडू नका. विश्रांती घेतल्यावरही दुखणे राहिले तर स्टिक बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक पर्याय सुचवतो, तो दुकानात क्वचितच कोणी पुढे करतो. विक फर्थची ८डी ही स्टिक व्यासाने ७एइतकीच, म्हणजे ०.५४० इंच आहे, पण ७ए साडेपंधरा इंच लांब आहे आणि ८डी पूर्ण १६ इंच. ७एची मोकळीक आवडली आणि सिंबलपर्यंतची पोहोच कमी वाटली, तर ही नक्की वाजवून पाहा.

वसईकर

न्यूजर्सीकरांशी २बीच्या बाबतीत मी पूर्ण सहमत आहे.

पुढचा भाग जड वाटण्याचे कारण बहुधा जाडीपेक्षा तोलात असावे. स्टिक टिपपाशी बारीक होत जाते, त्या निमुळत्या भागाची लांबी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. निमुळता भाग आखूड असेल तर स्टिकच्या खांद्यापाशी, म्हणजे ती निमुळती होऊ लागते तिथे, लाकूड जास्त राहते आणि वजन पुढे जाते. आवाजाला जोर येतो, पण चपळाई कमी होते. तो लांब असेल तर स्टिक पुढे हलकी आणि किंचित लवचिक होते, आणि ताशाच्या काडीची सवय असलेल्या हाताला तीच जवळची वाटेल. दुकानात दोन स्टिक्स आळीपाळीने एका बोटावर आडव्या तोलून पाहा. तोलबिंदू टिपच्या जितका जवळ, तितकी ती स्टिक पुढे जड. वाजवताना एक प्रयोगही करून पाहा: पकड साधारणपणे मागच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर असते, ती एखादा सेंटिमीटर टिपकडे सरकवा. तेवढ्यानेही तक्रार मिटू शकते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राइडचा पातळ आवाज हा बराचसा टिपचा प्रश्न आहे. लहान गोल टिप सिंबलला अगदी थोड्या जागेवर स्पर्श करते, म्हणून ठोका स्वच्छ आणि सुटा येतो. थेंबाच्या आकाराची किंवा मोठी लंबगोल टिप अधिक जागा व्यापते आणि आवाज गडद व भरीव होतो. पिंपासारख्या आकाराची टिप स्नेअरवर ठसठशीत वाजते. प्रसिद्ध ड्रमवादक स्टीव्ह गॅड यांच्या नावाची विक फर्थची स्टिक तशीच आहे, पावणेसोळा इंच लांब आणि ०.५५० इंच व्यासाची. लहान पंजासाठी तिचे माप मला फार समजूतदार वाटते.

नायलॉनची टिप अमेरिकेतले स्टिक बनवणारे जो कॅलाटो यांनी १९५८ साली आणली. ती लवकर झिजत नाही आणि सिंबलवर तिचा आवाज अधिक चकचकीत येतो. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) आणि राइड लहान सभागृहात गायकाच्या आवाजावर येऊ नयेत, म्हणून मी स्वतः लाकडी टिपच पसंत करतो. यात प्रत्येकाची आवड वेगळी असू शकते, पण साथीला बसायचे असेल तर गायकाचा विचार आधी व्हावा, हे माझे ठाम मत आहे.

ठेका_दादरा

वसईकरांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. घरच्या सरावासाठी बर्चच्या बारीक काड्यांची जुडी असलेल्या स्टिक्सही मिळतात, त्यांना रॉड्स म्हणतात. त्यांचा आवाज बराच कमी असतो, त्यामुळे लहान जागेतल्या कार्यक्रमात त्या उत्तम चालतात. पण त्यांना स्टिकसारखी उसळी नसते, म्हणून फ्लॅटमधल्या रोजच्या सरावाला रबरी पॅड आणि आपली नेहमीचीच स्टिक योग्य.

सायंतारा

तोलबिंदूचे कोणी समजावून सांगितले नव्हते. आता सगळे जुळते आहे. एक जोडी लांब निमुळत्या भागाची हिकरीची ५ए आणि दुसरी ८डी घेण्याचे ठरवले आहे, मेपल पुढच्या वेळी. शेवटचा प्रश्न असा की दुकानात समोर पाच-सहा जोड्या असतील तर त्यांतली चांगली जोडी कशी ओळखावी?

सुतारपक्षी

मोठ्या कंपन्या स्टिक्सच्या जोड्या वजनाने आणि नादाने जुळवून देतात, तरीही आपण खात्री करून घ्यावी, कारण लाकडाची घनता एकाच झाडातही सारखी नसते. आधी दोन्ही स्टिक्स काचेच्या काउंटरवर घरंगळत सोडा. वाकडी असेल ती डुगडुगते आणि तिची टिप वरखाली होते. मग दोन्हींवरील लाकडाच्या रेषा निरखा. त्या मागच्या टोकापासून टिपपर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर स्टिक पुढे तिथेच तुटते. त्यानंतर प्रत्येक स्टिक सैल धरून एकाच कठीण पृष्ठभागावर ठोकून पाहा. दोघींचा सूर वेगळा लागला तर त्यांची घनता वेगळी आहे, आणि हा फरक पॅडवर डाव्या-उजव्या हाताच्या ठोक्यांत ऐकू येतो. ताशाचा कान असल्यामुळे तुम्हाला तो सूर ओळखायला अडचण येणार नाही. दुकानात छोटा डिजिटल काटा असेल तर वजनही करून घ्या. हिकरीची ५ए साधारण ५० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि जोडीत दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरी जोडी मागावी. ज्यांच्यावर लाकडाचे नावच लिहिलेले नाही अशा स्वस्त स्टिक्स घेऊ नयेत.

घेतल्यावर त्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकूड वाकते. टिपचा कपचा उडाला की स्टिक पॅडच्या सरावाला ठेवा आणि ड्रमवर वापरू नका, कारण त्या धारेने ड्रमच्या पृष्ठभागावर चरे पडतात, आणि स्नेअरचे नवे हेड (वरचा पडदा) एका जोडीपेक्षा बरेच महाग पडते. स्टिकच्या खांद्यापाशी लाकूड फार भरभर कुरतडले जात असेल तर जाड स्टिककडे वळण्याआधी हाय-हॅटच्या कडेवर ठोका किती सरळ पडतो आहे ते आपल्या शिक्षकांना पाहायला सांगा.