मॅनेजमेंटमध्ये पीएचडी म्हणजे 'धर्मशाळा'? त्या पोस्टला उत्तर

कडकभाकरी: काल इथे एकाने टाकलं, "मॅनेजमेंटची पीएचडी ही प्लेसमेंट न झालेल्या एमबीएवाल्यांची धर्मशाळा आहे, नेट काढा आणि मोकळे व्हा". डोकं तडकलं म्हणून लिहितेय, लांबलंय, सहन करा. जुलै २०२३ पासून यूजीसीच्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट या पात्रता परीक्षा चालतात, मान्य. पण पुढे असोसिएट प्रोफेसर व्हायला काय दाखवणार, नेटचं सर्टिफिकेट? आणि खरा घोळ अर्ज करतानाच होतो. आपल्याकडे पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, निघाली की मग विषय शोधतात. अमेरिकेत पाच वर्षांचा प्रोग्राम, बहुतेक ठिकाणी फी माफ वर स्टायपेंड, एमबीए असायलाच हवं असंही नाही, पण डिसेंबर-जानेवारीत अर्ज करताना तुमचा प्रश्न काय आणि तिथल्या कुठल्या प्रोफेसरच्या कामाशी तो जुळतो हे लिहावं लागतं, तीन शिफारसपत्रं वेगळीच. आयआयएमला कॅट, जीमॅट किंवा तसल्याच एखाद्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, आणि इंटरव्ह्यूत 'एचआरमध्ये काहीतरी करायचंय' म्हणून भागत नाही.

होटगीरोडवाला: धर्मशाळा मीच म्हटलं आणि परत म्हणतो. माझा मावसभाऊ डॉक्टरेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवतोय, मानधन कधी येईल ते संस्थेलाच माहीत, लग्नाच्या बायोडाटात मात्र 'डॉ.' ठळक अक्षरात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, निघाली तर महिन्याला ३७ हजार, नाही निघाली तर? बापाचे चार लूम (यंत्रमाग) आहेत, त्यातला एक विकायचा का? अमेरिकेचं काय सांगता ताई, जीमॅटची फीच पोराच्या कित्येक महिन्यांच्या मेसएवढी आहे.

गाइड_मिळेल_का: तुमचं चालू द्या. मी पेट पास होऊन बसलोय आणि गाइड नाही. नियमाने प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, सगळीकडे फुल्ल. एका सरांकडे जागा निघाली तर म्हणाले एचआर सोड, 'सोलापूर जिल्ह्यातील टॉवेल उद्योगाच्या विपणन समस्यांचा चिकित्सक अभ्यास' घे, प्रश्नावली तयारच आहे.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: थांबा, आता मी बोलणार. ही तयार प्रश्नावली घेऊन दरवर्षी पोरं आमच्या कारखान्यात यायलेत. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, टिक करा मालक. अरे सुताचा भाव महिन्यात किती हलतो, एक्स्पोर्टची ऑर्डर का अडकते, रॅपियर, म्हणजे नवा वेगवान लूम, घेतला तर जुन्या लूमवरच्या माणसाचं काय, हे एकानेबी विचारलं नाही. मागे एकाचा फॉर्मचा गठ्ठा माझ्या मॅनेजरने दुपारी जेवून एकट्यानेच भरला, वेगवेगळ्या पेनाने. तो गडी आता डॉक्टर आहे म्हणे!

कडकभाकरी: वा मालक. म्हणजे खोटा डेटा तुमच्याच ऑफिसातून गेला आणि दोष आमचा? मी स्वतः एमआयडीसीत फिरलेय. टर्नओव्हर विचारला की समोर चहा येतो, चहा संपला की 'सेठ बाहेरगावी गेलेत'. सेठ आत एसीत बसलेले काचेतून दिसतात.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: मग टर्नओव्हर काय गावभर सांगत फिरू? तुम्ही कोण, कुठून आलात, कागद कुणाकडे जाणार, कशाचा पत्ता नाही. आवाज चढवू नका.

पूर्वभागकर: मालकांना निदान विचारतात तरी. माझी आई बिड्या वळायची. तिच्याकडे एक मॅडम मराठी प्रश्नावली घेऊन आल्या, आईला धड तेलुगूच येतं, मी शाळेतून येऊन एकेक प्रश्न सांगत बसलो. 'तुम्ही कामाबाबत समाधानी आहात का', आई म्हणाली पानं खराब येतात, मुकादम बिड्या छाटून टाकतो. त्या म्हणाल्या तो कॉलम नाही. पुढे त्याचं काय झालं, आम्हाला कुणी सांगायला आलं नाही. धर्मशाळा की काय ते तुम्ही ठरवा, पण त्या कॉलममध्ये माझी आई 'तटस्थ' आहे.

होटगीरोडवाला: हेच तर बोलतोय मी कालपासून!

कडकभाकरी: नाही, तुम्ही 'करूच नका' म्हणताय. पूर्वभागकरांनी जे सांगितलं ना, पानं आणि छाटाछाट, माल कोण नापास करतं आणि तोटा कुणाच्या अंगावर पडतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. असा प्रश्न घेऊन अर्ज केला तर आयआयएमवाले पण कान टवकारतील. गाइडची प्रश्नावली घेऊन गेलात तर तुमचं काय, गाइडचंच प्रमोशन होईल.

होटगीरोडवाला: बरं बाई, धर्मशाळा मागे घेतो. लॉज म्हणतो. धर्मशाळेत निदान पैसे लागत नाहीत.

गाइड_मिळेल_का: मालक, टॉवेलचाच विषय घेतला पण प्रश्नावली फेकून दिली आणि महिनाभर नुसता तुमच्या कारखान्यात बसून बघितलं तर चालेल का? सरांना काय सांगायचं ते मी बघतो.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: या. संक्रांतीच्या आठवड्यात नको, अर्धे कामगार सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत असतात. कॉलेजचं पत्र आणा. आणि टर्नओव्हर विचारलात तर चहाबी मिळणार नाही.